नुसता फ्लो पुरे, हे कुणी सांगितलं?

ट्रान्झिट मिक्सर मागे घेतला जातो, घमेल्यात थोडा माल काढला जातो, लोखंडी प्लेटवर स्लम्पचा शंकू ठेवून भरला जातो आणि उचलला जातो. पसरलेल्या काँक्रीटवर आडवा-उभा टेप लागतो. “साहेब, सातशे आलाय की!” साहेब मान हलवतात, चलनावर सही होते, पंप सुरू होतो. सेल्फ कॉम्पॅक्टिंग काँक्रीट, म्हणजे एससीसी, पास झालं.

यापुढे कुणी काही विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. फ्लो आला ना, मग झालं. व्ही-फनेल, एल-बॉक्स, जे-रिंग, चाळणीची चाचणी ही सगळी शेवटच्या वर्षाच्या पोरांच्या प्रोजेक्टची खेळणी. साइटवर त्यांना वेळ नाही आणि त्यांची गरजही नाही. हे मत फक्त ठेकेदाराचं असतं तर मी गप्प बसलो असतो. वेळ आणि पैसा वाचवणं हा त्याचा धंदाच आहे. पण सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत आता सल्लागार अभियंते, देखरेखीवरचे अधिकारी आणि शिकवणारी माणसंसुद्धा हेच बोलू लागली आहेत, तेही शास्त्राचा हवाला देऊन. म्हणून त्या हवाल्यालाच हात घालायला हवा.

त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी घेतो, कारण तो खरा आहे. युरोपातल्या सिमेंट, काँक्रीट आणि रसायन क्षेत्रातल्या पाच संघटनांनी २००५ साली एससीसीची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. स्लम्प फ्लो प्रत्येक एससीसीसाठी नेमून द्यावा, आणि चिकटपणा, सळ्यांमधून जाण्याची क्षमता व खडी वेगळी न पडण्याचा गुण हे कामाची गरज असेल तेव्हाच मागावेत, असं त्यांत आहे. सळई विरळ असेल तर जाण्याची क्षमता तपासायची गरज नाही, असंही आहे. म्हणजे “नुसता फ्लो पुरे” म्हणणाऱ्यांच्या खिशात छापील पुरावा आहे.

पण तेच पुस्तक दोन पानं मागे-पुढे उलटलं की काय दिसतं? मिश्रण आधी प्रयोगशाळेत, प्रत्यक्ष वापरायच्या मालावर, सगळ्या गुणांसाठी तपासायचं. मग प्लांटवर पूर्ण प्रमाणात करून पाहायचं. आणि ते कितपत सोशिक आहे तेही बघायचं: चांगलं एससीसी घनमीटरला ५ ते १० लिटर पाण्याचा फरक सोसतं, त्याचे गुण ठरलेल्या वर्गाबाहेर जात नाहीत. एवढं झाल्यावर रोजच्या नियंत्रणाला स्लम्प फ्लो पुरतो, आणि ते बरोबरच आहे. सिद्ध झालेल्या मिश्रणात काही बिघडलंय का, एवढंच त्याला सांगायचं असतं. आपल्याकडे हे मधलं सगळं गाळून शेवटचं वाक्य तेवढं उचललं. ज्या मिश्रणाचा एल-बॉक्स कधी झालाच नाही, त्याच्या फ्लोनं कशाची हमी द्यायची?

दुसरा हवाला आपल्या घरचा आहे. आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या मूळ संहितेला २००७ साली दुरुस्ती झाली आणि एससीसीचं एक छोटं परिशिष्ट जोडलं गेलं. त्यात आकडा आहे: स्लम्प फ्लो किमान ६०० मिलिमीटर. हा आकडा सगळ्यांना तोंडपाठ आहे. त्याच परिशिष्टात वर एससीसीची व्याख्या आहे, आणि ती सांगते की हे काँक्रीट साच्याचा प्रत्येक कोपरा स्वतःच्या वजनानं, एकसारखा आणि पूर्ण भरतं, घटक वेगळे न पडता. आकडा लक्षात राहिला आणि व्याख्या विसरली गेली. आणि आता २००७ मध्ये अडकून राहायचं कारणही उरलेलं नाही. ताज्या काँक्रीटच्या चाचण्यांचं जुनं मानक, १९५९ चं आयएस ११९९, भागाभागांत नव्यानं लिहिलं गेलं आणि त्याचा २०१८ चा सहावा भाग एससीसीच्या चाचण्यांसाठीच आहे. मिश्रण ठरवण्याच्या आयएस १०२६२ मध्ये २०१९ पासून एससीसी आलं. त्यात फ्लोचे तीन वर्ग आहेत: ५५० ते ६५०, ६६० ते ७५० आणि ७६० ते ८५० मिलिमीटर. त्यांच्या बरोबरीनं चिकटपणा, जाण्याची क्षमता आणि विलगतेचा विरोध यांचेही वर्ग आहेत. संहिता चार गोष्टी मागते आणि आपण एकीवर सही करतो.

आता खऱ्या मुद्द्याला येतो. फ्लोचा आकडा नेमकं काय मोजतो? काँक्रीट वाहायला लागण्याआधी त्याच्या आतला एक अडसर मोडावा लागतो. शंकू उचलल्यावर माल स्वतःच्या वजनानं पसरत जातो. थर पातळ होत होत वजन या अडसराला पुरेनासं झालं, की थांबतो. तो कुठं थांबला ते वर्तुळाचा व्यास सांगतो. एवढंच. तो किती वेळात तिथं पोचला, पसरताना खडी बरोबर आली की मधेच बसली, हे व्यासाला माहीत नसतं. वाहण्याचा अडसर आणि वाहतानाचा दाटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एससीसीचं सगळं कसब या दोघांची जोडी जमवण्यात आहे. अडसर कमी हवा, म्हणजे माल पसरेल. दाटपणा पुरेसा हवा, म्हणजे तो खडीला धरून ठेवेल. गुऱ्हाळावर ज्यानं उसाचा रस आणि काकवी दोन्ही पाहिलंय त्याला हे वेगळं समजवायला नको: परातीत दोन्ही कडेपर्यंत पसरतात, पण खडा टाकला तर रसात तो टपकन तळाला जातो आणि काकवीत सावकाश.

इथं पाण्याचा प्रश्न येतो आणि नुसत्या फ्लोच्या मताचा पायाच निखळतो. पॉलीकार्बॉक्झिलेटचं रसायन, साइटच्या भाषेत केमिकल, अडसर खूप कमी करतं आणि दाटपणा त्या मानानं थोडाच. पाणी मात्र दोन्ही एकदम पाडतं. म्हणून ६२० वर अडकलेला माल ७०० वर न्यायचे दोन रस्ते असतात: प्लांटच्या माणसाला विचारून केमिकलचा डोस देणं, किंवा ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडणं. प्लेटवर दोन्ही रस्ते त्याच आकड्यावर येतात. टेपला त्यातला फरक कळत नाही. घड्याळाला कळतो: शंकू उचलल्यापासून माल ५०० मिलिमीटरच्या वर्तुळाला शिवेपर्यंतचा वेळ, म्हणजे टी-५००, पाणी पडलेल्या मालात खाली येतो. व्ही-फनेललाही कळतो. बारा लिटरच्या आसपासचा हा नरसाळ्यासारखा डबा भरून खालचं झाकण उघडायचं आणि वरून पाहताना खालून उजेड दिसेपर्यंतचे सेकंद मोजायचे. आठ सेकंदांपर्यंत एक वर्ग, नऊ ते पंचवीस दुसरा. त्याहून बोलकी रीत म्हणजे फनेल पुन्हा भरून पाच मिनिटं तसाच ठेवायचा आणि मग उघडायचा. माल फाटत असेल तर खडी तोंडाशी येऊन बसते आणि वेळ वाढतो. तीन सेकंदांहून जास्त वाढला तर मिश्रण विश्वासाचं नाही.

“पाइप आम्ही सोडत नाही” असं कुणी म्हणेल. नसेल सोडत. पण पाणी पाइपातूनच येतं असं नाही, ते वाळूतूनही येतं. आणि सातारा-सांगलीतला हा वाद पाठ्यपुस्तकातल्या वादाहून वेगळा होतो तो इथंच.

कृष्णा, वारणा, येरळा, माण यांच्या काठी राहणाऱ्यांना नदीची वाळू आता दुर्मीळ आहे. जी मिळते तिचा भाव विचारू नये. म्हणून इथलं बहुतेक काँक्रीट दगड फोडून केलेल्या क्रश सँडवर उभं आहे, आणि दगड म्हणजे आपला काळा बेसाल्ट. नदीच्या वाळूचा कण पाण्यानं घासून गोल झालेला असतो. क्रशरचा कण कोनदार, कधी चपटा. त्यात बारीक डस्ट. डस्ट ही एससीसीची वैरी नव्हे, उलट ठरावीक प्रमाणात पावडर म्हणून ती उपयोगीच पडते. भानगड आहे डस्टबरोबर येणाऱ्या मातीची. खाणीवर वरचा मुरमाचा थर नीट न काढता दगड फोडला, की बेसाल्ट झिजून झालेली चिकणमाती वाळूत येते. कृष्णाकाठच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हातभर भेगा पाडणारी फुगीर माती ती हीच. तिच्या थरांच्या मधे पॉलीकार्बॉक्झिलेटचे रेणू शिरून बसतात आणि केमिकल सिमेंटपर्यंत पोचतच नाही. प्लांटवर ७२० असलेला फ्लो अर्ध्या तासात ६०० वर येतो तो पुष्कळदा यामुळे. मग साइटवर पुन्हा पाणी. मिथिलीन ब्लूची साधी चाचणी ही माती पकडते, पण ती करायची म्हणजे “आणखी एक चाचणी” आणि आपलं तर एका चाचणीवरच समाधान आहे.

ओलाव्याचं गणित तर बोटांवर मांडता येतं. एससीसीत वाळू जास्त असते, घनमीटरला साधारण ९०० किलो धरा. वाळूच्या ओलाव्याचा अंदाज एका टक्क्यानं चुकला तर ९ लिटर पाणी चुकलं. चांगल्या मिश्रणाची सोशिकता ५ ते १० लिटर असते हे वर आलंच आहे. म्हणजे एका टक्क्यात ती जवळजवळ संपली. जुलैत पाटण किंवा कराडच्या प्लांटवर उघड्यावर पडलेल्या ढिगाची माथ्याची वाळू आणि तळाची वाळू यांत दोन टक्क्यांचा फरक सहज पडू शकतो. दोन टक्के म्हणजे १८ लिटर. ५०० किलो पावडर आणि १७५ लिटर पाणी असं ठरवलेलं मिश्रण १९३ लिटरवर गेलं, तर पाणी-पावडर गुणोत्तर ०.३५ वरून ०.३९ जवळ जातं. फ्लो छान येतो, किंबहुना आकड्यानं आणखी सुधारतो! जत-आटपाडीच्या मे महिन्यात उलटं होतं. सकाळी शिंपडलेली वाळू दुपारपर्यंत कोरडी पडते, माल घट्ट येतो आणि ड्रायव्हरच पाण्याकडे हात नेतो. एकाच कृष्णा खोऱ्यात पावसाचं महाबळेश्वर आणि दुष्काळाचा माण तालुका इतक्या जवळ असताना, वाळूचा ओलावा दिवसातून एकदाही न मोजणाऱ्या प्लांटनं फ्लोच्या आकड्यावर एससीसी विकावं आणि आपण घ्यावं, याला मी बेफिकिरी म्हणतो.

जपानचं नाव या वादात दोन्ही बाजूंनी घेतलं जातं, म्हणून तिथं खरं काय झालं ते सांगतो. टोकियो विद्यापीठातल्या हाजिमे ओकामुरा यांनी १९८६ मध्ये या काँक्रीटची कल्पना मांडली आणि १९८८ मध्ये ओझावा यांनी पहिलं नमुन्याचं मिश्रण तयार केलं. कारण होतं कुशल हातांची टंचाई. व्हायब्रेटर नीट मारणारी माणसं कमी होत गेली, काँक्रीट पोकळ राहू लागलं, बांधकामं लवकर खराब होऊ लागली. म्हणजे एससीसी जन्मालाच आलं ते मजुराच्या हातातला भरवसा काढून मालात घालायला. ओकामुरांनी त्याचा अर्थही शेवटपर्यंत नेला. माल स्वतःच घट्ट बसणार असेल, तर मालातली उणीव नंतर साइटवर कुणालाच भरून काढता येणार नाही. म्हणून ओतण्याच्या आधी झाडून सगळ्या मालाची परीक्षा झाली पाहिजे. त्यासाठी जपान्यांनी मिक्सर आणि पंप यांच्या मधे ठेवायची सळ्यांचे अडथळे असलेली पेटी बनवली. आरपार वाहील तो माल घ्यायचा, अडेल तो परत पाठवायचा. ओसाका गॅसच्या द्रवरूप वायूच्या टाकीवर ती वापरली गेली. आकाशी-कैक्यो या झुलत्या पुलाच्या प्रचंड नांगरठोकळ्यांत ४० मिलिमीटरपर्यंतची खडी असलेलं एससीसी तीन मीटरवरून पडूनही फाटलं नाही, आणि त्या ठोकळ्यांचं अडीच वर्षांचं काम दोन वर्षांत झालं. “जपानमध्ये तर व्हायब्रेटरच लावत नाहीत” हे सांगणाऱ्यांनी त्या पेटीबद्दलही सांगावं.

सळ्यांच्या अडथळ्यावर आलोच आहोत तर कोयनेला जायला हवं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला झालेल्या भूकंपानं या भागाचंच नव्हे, देशाचं भूकंपशास्त्र बदललं. स्थिर समजलेलं दख्खनचं पठारही हलतं, हे तेव्हा मान्य करावं लागलं. भूकंपाच्या वेळी इमारत ठिसूळपणे तुटू नये म्हणून सळई कशी बांधायची हे सांगणारं आयएस १३९२० आज पाटण-कराडच्या अभियंत्याच्या टेबलावर असतं, किंवा असायला हवं. कॉलमच्या टोकांना आणि बीम-कॉलमच्या सांध्यात कड्या १०० मिलिमीटरच्या आत, हूक १३५ अंशात वळवलेले, बीमच्या सळ्या दोन्ही दिशांनी आत येणाऱ्या, कधी कधी त्यातच लॅप. असा सांधा वरून पाहा. मूठ जात नाही, व्हायब्रेटरची सुई काय जाणार! एससीसीची खरी जागा हीच आहे. महाग असूनही ते घ्यावं असं मी स्वतः सांगतो ते अशाच ठिकाणी. खंबाटकीच्या नव्या बोगद्यांसारख्या कामांत अस्तराच्या माथ्यावर सुई पोचत नाही, ही दुसरी जागा.

आता विचार करा. ज्या जागेसाठी हे काँक्रीट विकत घेतलं, ती जागा सळ्यांनी गच्च. आणि चाचणी कुठली केली? सळईचा एक तुकडाही नसलेल्या गुळगुळीत प्लेटवर पसरवण्याची! सळ्यांमधून जाताना खडी एकमेकींना अडून कमान धरते, मागचा माल थांबतो आणि पुढे जातो तो नुसता मॉर्टर. हे कळतं ते एल-बॉक्समध्ये. उभ्या कप्प्यात माल भरायचा, फळी उचलायची, दोन किंवा तीन सळ्यांमधून तो आडव्या कप्प्यात जातो, आणि टोकाची उंची व उगमाची उंची यांचं गुणोत्तर ०.८ च्या वर हवं. तीन सळ्या लावल्या तर मधली फट ४१ मिलिमीटर, दोन लावल्या तर ५९. कुठली लावायची ते तुमच्या कॉलममधली फट सांगेल. एल-बॉक्स साइटवर जड वाटत असेल तर जे-रिंग घ्या: ३०० मिलिमीटर व्यासाचं कडं, त्याला खाली उभ्या सळ्या, मधे शंकू. कड्याशिवाय आलेला फ्लो आणि कड्यासह आलेला फ्लो यांची वजाबाकी करा. अमेरिकी मानकाप्रमाणे फरक २५ मिलिमीटरच्या आत असेल तर अडथळा दिसत नाही असं धरतात. ५० च्या वर गेला तर माल सळ्यांत अडतोय. ७०० चा फ्लो आणि ६२० चा जे-रिंग असलेल्या मालाला काय म्हणाल? आपल्याकडच्या सहीच्या पद्धतीत तो पास आहे.

“क्यूब तर पास होतात ना” हा पुढचा मुद्दा, आणि त्यावर फार वेळ घालवायची माझी इच्छा नाही. दीडशे मिलिमीटरच्या साच्यात सळई नसते. त्यात ओतलेला माल कसाही असला तरी तळापर्यंत जातो. क्यूब मालाची ताकद सांगतो, कॉलममध्ये माल पोचला की नाही ते सांगत नाही, आणि जे सांगतो तेही अठ्ठावीस दिवसांनी, वर दोन स्लॅब चढल्यावर. सांगलीकरांना आणखी एक गोष्ट लागू आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. त्याआधी २००५ चा पूर होता, नंतर २०२१ चा. गावभागातल्या, नदीकाठच्या कॉलनीतल्या इमारतींचे तळमजल्याचे कॉलम दिवसचे दिवस पाण्यात उभे राहतात. त्यांच्या सांध्यात खडीची पोकळ घरटी, ज्याला आपण हनीकोंब म्हणतो, राहून गेली असतील तर पाणी थेट सळईला भेटतं. वरून गिलावा असतो, म्हणून काही वर्षं काहीच दिसत नाही.

अनुभवी डोळ्याचा मुद्दा मात्र मी झटकणार नाही. चांगला मुकादम माल बघून बोलतो आणि पुष्कळदा बरोबर बोलतो. पण त्यानं काय बघायचं ते तरी ठरवू या. प्लेटवर पसरलेल्या मालाच्या कडेला पाण्याची किंवा पातळ पेस्टची किनार सुटलीय का? मधोमध खडीचा ढीग राहिलाय का? खडी कडेपर्यंत पोचलीय का? अमेरिकी मानकात याला शून्य ते तीन अशी श्रेणीच आहे. शून्य आणि एक घ्यायचे, दोन आणि तीन परत करायचे. याला एक रुपया लागत नाही, वेगळं यंत्र लागत नाही, आणि हे आपण रोज ज्या फ्लोचा टेप लावतो त्याच मालावर दिसतं. तरीही चलनावर आकडा लिहिला जातो, किनार लिहिली जात नाही. म्हणजे ज्या डोळ्याच्या नावानं बाकी चाचण्या नाकारायच्या, त्या डोळ्यालाही नोंदवहीत जागा नाही. आणि डोळ्याची मर्यादाही मान्य करावी लागेल: प्लेटवर ठीक दिसलेला माल तीन मीटर कॉलममध्ये स्थिर उभा राहिल्यावर फाटतो का, ते प्लेटवर दिसत नाही. त्यासाठी दहा लिटर माल झाकून पंधरा मिनिटं ठेवायचा, वरचा पाच किलोच्या आसपास माल पाच मिलिमीटरच्या चाळणीवर ओतायचा, दोन मिनिटांनी खाली किती गळला ते वजन करायचं. वीस टक्क्यांच्या वर गळला तर खडी धरून ठेवायची ताकद त्या पेस्टमध्ये नाही.

तीन मीटरच्या कॉलमवरून एक गोष्ट जाता जाता. एससीसीचा साच्यावरचा दाब पाण्यासारखा पूर्ण धरायचा असतो. तीन मीटर उंचीला तळाशी चौरस मीटरला सात टनांच्या वर भरतो. प्लायला दोन बॅटन आणि चार खिळे ठोकून एससीसी भरू पाहणाऱ्यांना फ्लोचा आकडा वाचवणार नाही. पण तो वेगळा लेख.

राहता राहिला खर्च आणि वेळ. नऊशे बाय नऊशेची प्लेट आणि शंकू साइटवर आहेतच. जे-रिंग म्हणजे एक कडं आणि सोळा सळ्या. कुपवाडच्या, साताऱ्याच्या किंवा तासवडेच्या एमआयडीसीत कुठलाही फॅब्रिकेटर माप दिल्यावर करून देईल. एल-बॉक्स आणि व्ही-फनेल पत्र्याचं काम आहे. हे सगळं मिळून जो खर्च होईल तो एका फुटलेल्या कॉलमच्या ग्राउटिंगपुढे किरकोळ आहे. वेळेचं म्हणाल तर फ्लो, टी-५००, किनारीची नोंद आणि जे-रिंग ही चार कामं सरावलेली दोन माणसं दहा मिनिटांत करतात, आणि ती प्रत्येक ट्रकला करा असं मी म्हणतच नाही. युरोपच्या पुस्तकाचा आदर मीही करतो. मिश्रण ठरवताना सगळ्या चाचण्या. दिवसाच्या पहिल्या ट्रकला आणि वाळूचा किंवा केमिकलचा लॉट बदलला की फ्लो, टी-५००, जे-रिंग आणि चाळणी. बाकीच्या ट्रकला फ्लो, टी-५०० आणि किनार. एवढंच मागणं आहे. आणि नमुना नुसता ट्रकच्या तोंडाचा नको, पंपाच्या पाइपच्या टोकाचाही अधूनमधून हवा, कारण कॉलममध्ये जातो तो पाइपमधून गेलेला माल.

कॉलेजांबद्दल एक शब्द बोललो नाही तर अर्धं बोलल्यासारखं होईल. सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कराडात १९६० पासून शासकीय आहे, इस्लामपूरजवळ साखराळ्याला आहे. तासाभराच्या अंतरात इतक्या प्रयोगशाळा असलेले जिल्हे महाराष्ट्रात फार नाहीत. फ्लाय अ‍ॅश घालून, बगॅसची राख घालून, स्लॅग घालून एससीसीचे प्रोजेक्ट आपल्याकडच्या पोरांनी करायचे आणि एल-बॉक्सचे आकडे तक्त्यात भरायचे, हे ठीक आहे. पण तोच एल-बॉक्स टेम्पोत घालून शेजारच्या साइटवर नेला, तर बगॅसच्या राखेपेक्षा आपल्या क्रश सँडबद्दल अधिक कळेल: कुठल्या खाणीची वाळू केमिकल खाते, पावसात ओलावा तासातासाला किती हलतो, ७०० च्या फ्लोला जे-रिंग किती येतो. हे आकडे युरोपच्या पुस्तकात मिळणार नाहीत, ते पाटणच्या, खटावच्या, तासगावच्या खाणीवरच मिळतील. साइटवाल्यांनी चाचण्यांना “कॉलेजची खेळणी” म्हणायची सोय कॉलेजांनीच त्यांना करून दिली आहे.

घर बांधणाऱ्या किंवा सोसायटीच्या कामावर सही करणाऱ्या वाचकाला माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या निविदेत किंवा दरपत्रकात “एससीसी” हा शब्द असेल, आणि त्याचा जादा दर तुम्ही देणार असाल, तर पहिला ट्रक येण्याआधी ठेकेदाराकडून मिश्रणाचा चाचणी अहवाल मागा. त्यात फ्लोबरोबर टी-५०० किंवा व्ही-फनेल, एल-बॉक्स किंवा जे-रिंग, आणि चाळणीची टक्केवारी आहे का बघा, आणि तो अहवाल याच खाणीच्या वाळूवर केलेला आहे का ते विचारा. ट्रक आल्यावर ड्रममध्ये पाण्याचा पाइप गेलेला दिसला तर फ्लो कितीही सुंदर आला तरी सही करू नका. अहवाल नसेल तर साधं काँक्रीट घ्या, खडी बारीक करा, सांध्यातल्या कड्यांची मांडणी बांधायच्या आधी तपासा आणि व्हायब्रेटर नीट मारून घ्या. न तपासलेल्या एससीसीपेक्षा ते स्वस्त आहे आणि अधिक भरवशाचंही.